‘बंगालची खाडी’ की ‘बंगालचा उपसागर’?

दर्यापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय: पेपरात ‘बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा’ असं येतं, पोराच्या भूगोलात मात्र ‘बंगालचा उपसागर’. खरं कोणतं?

ताई, मराठीत उपसागरच. ‘बंगाल की खाड़ी’ हे हिंदी. हिंदीत तो एकच शब्द बंगालला, खंबातला, इराणजवळच्या समुद्रालाही चालतो. मराठीत मात्र तीन वेगळे शब्द आहेत: बंगालचा उपसागर, खंबातचं आखात, दाभोळची खाडी. आपल्याकडं हिंदी बातम्या दिवसभर कानावर पडतात, त्यातून ही सरमिसळ होते. ती होऊ नये असं मला फार वाटतं, कारण मराठीतली खाडी ही अगदी वेगळी चीज आहे.

नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथवर आत चढतं, ती खाडी. कोकणात दाभोळला फेरीबोटीसाठी थांबलो होतो, तेव्हा पाण्यावर एक रिकामं शहाळं दिसलं. ते समुद्राकडून चिपळूणच्या दिशेनं चाललं होतं! वाशिष्ठी नदी उलटी वाहत होती. जन्मभर आपली वऱ्हाडातली पूर्णा नदी एकाच दिशेनं जाताना पाहिलेली. मी बघतच राहिलो. तिथं हे दिवसातून दोनदा घडतं. पूर्वी गलबतं याच भरतीवर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत माल आणायची आणि ओहोटीबरोबर परत फिरायची.

खाडीचं पाणी मचूळ. आपल्या वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी प्यालेल्याला ती चव वेगळी समजावून सांगायला नको. काठच्या भरतीत बुडणाऱ्या चिखलाळ जमिनीला खाजण म्हणतात. तिथं तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात, आणि त्यांच्या मुळांच्या आडोशाला कोळंबीची, माशांची पिल्लं वाढतात. तिवरं तोडली की कोळ्याचं जाळं हलकं होतं.

आपली पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढं समुद्राला. सुरत हे मोगलांचं मोठं बंदर, पण तापीच्या मुखाशी गाळ इतका की मोठी जहाजं जवळच्या सुवालीच्या किनाऱ्यालाच नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून सुरतेला जाई. त्या गाळात वऱ्हाडची काळी मातीही असणारच. म्हणजे आपल्या शेतावरून गेलेलं पाणी आधी तापीच्या खाडीत पोचतं, मग खंबातच्या आखातात. दोन्हीला खाडी म्हटलं, तर हा प्रवास सांगायचा कसा?

आणि हो, पेपरात ‘खाडी देश’ दिसले, तर तिथंही ‘आखाती देश’ असंच वाचा.