आधुनिक जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत बौद्ध प्रतीकं कशी ओळखायची? मला तर कमळ, चक्र काहीच दिसत नाही.

कमळ-चक्र शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. मुद्राचित्रण शिकत असताना माझाही असाच घोळ झाला होता. मुनाकाता शिको (१९०३–१९७५) यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांच्या कपाळावर ठिपका दिसला आणि मी ठोकून दिलं, "टिकली आहे." टिकली कसली! ती ऊर्णा, बुद्धमूर्तीच्या भुवयांमधली खूण. मुनाकातांनी ती सरळ बायकांच्या कपाळी लावली.

त्यांचं १९३९ चं काम नीट मोठं करून बघा. दोन बोधिसत्त्व आणि बुद्धाचे दहा प्रमुख शिष्य, एकूण बारा उभ्या आकृत्या. शिष्यांची जपानी नावं आधी परकी वाटतात : शारिहोत्सु, मोकुकेनरेन, अनान, उबारी, रागोरा. जरा मोठ्यानं म्हणा. सारिपुत्त, मोग्गल्लान, आनंद, उपाली, राहुल! यातले आनंद आणि राहुल तर आपल्याकडे गल्लीगल्लीत सापडतील. चीनमार्गे जाताना उच्चार तेवढे झिजले.

बोधिसत्त्वांपैकी मंजुश्री एरवी सिंहावर असतो आणि समंतभद्र हत्तीवर. इथे वाहनं नाहीत. नुसती माणसं, डोकं फळीच्या वरच्या कडेला आणि पाय खालच्या कडेला टेकलेले. काळं ते ठेवलेलं लाकूड, पांढरं ते कोरून काढलेलं. माझ्या मते खरं प्रतीक इथे आहे, फळीत. मुनाकातांची नजर इतकी अधू होती की कोरताना नाक लाकडाला टेकायचं. आपल्या छापचित्रांना ते 'हांगा' म्हणत, पण पहिलं अक्षर नेहमीचं, छापण्याचं नाही, तर 'फळी' या अर्थाचं लिहीत. मी स्वतः फळी कोरायला घेतली तेव्हा हे पटलं. रेषा माझ्या मनासारखी कधीच आली नाही, लाकडाच्या मनासारखी आली.

महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात दोन्ही बोधिसत्त्वांच्या फळ्या जळाल्या. १९४८ मध्ये त्यांनी त्या पुन्हा कोरल्या. १९५६ ला व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मुद्राचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं तेही मुनाकातांनाच. तसा जपानमध्ये छपाईचा आणि बौद्ध धर्माचा संबंध जुनाच. आठव्या शतकात तिथे छापलेले धारणीमंत्र, म्हणजे जपायचे बौद्ध मंत्र, छोट्या लाकडी स्तूपांत घालून देवळांना वाटले होते.

अगदी वेगळा नमुना हवा असेल तर कावासे हासुई या दुसऱ्या जपानी छापचित्रकाराचं शेवटचं चित्र बघा. हिराइझुमी गावच्या बौद्ध देवळातलं सोनेरी सभागृह, १९५७. आत सोन्यानं मढवलेला अमिताभ बुद्ध आहे, पण चित्रात सोनं औषधालाही नाही. बर्फ, पायऱ्या, झाडांमधलं लाकडी छप्पर. हे चित्र छापून बाहेर पडलं तेव्हा हासुई हयात नव्हते. पायऱ्या चढणारा एकटा भिक्षू आहे, आपल्याकडे पाठ करून.