पॅसिफिक बेटांच्या वारशातून आलेली पानाफुलांची चित्रं नुसती नक्षी म्हणून बघायची का?

न्यूझीलंडमधल्या पॅसिफिक वंशाच्या चित्रकारांच्या कामात एवढी पानंफुलं का, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यांबद्दल मी बोलणार नाही. पण जॉन पुले यांची चित्रं नक्षी म्हणून बघाल, तर निम्मं हातून निसटेल.

पुले 1962 साली पॅसिफिकमधल्या निउए या छोट्या बेटावर लिकू गावात जन्मले आणि अगदी लहानपणीच ऑकलंडला आले. आज बेटावर दोन हजारही माणसं नाहीत. न्यूझीलंडमध्ये मात्र 2018 च्या जनगणनेत तीस हजारांवर लोकांनी स्वतःला निउएचं म्हणवलं. मागे राहिलेलं गाव या चित्रांत सतत जाणवतं.

आधी हियापो बघा. तुतीच्या कुळातल्या झाडाची आतली साल बडवून केलेलं हे निउएचं कापड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हियापो मी ऑकलंडच्या संग्रहालयात पाहिले आणि तिथून पाय निघेना. चौकटींची जाळी आणि चौकटीचौकटीत पानं, शेंगा, फांद्या. लांबून सगळं सारखंच वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं की हा ठशाचा छाप नाही, हात चाललाय. रेघ मध्येच जाड होते, एखादं पान चौकटीत मावत नाही म्हणून वळतं. काही हियापोंवर माणसांची नावंही लिहिलेली आहेत. पुढे ही कला जवळजवळ थांबली. जानेवारी 2004 मध्ये हेटा चक्रीवादळाने निउएचं संग्रहालयच उद्ध्वस्त केलं, त्यामुळे परदेशांत जपलेल्या या कापडांचं मोल आणखी वाढलंय.

पुले यांनी नव्वदच्या दशकात हीच जाळी कॅनव्हासवर घेतली. नंतर चौकटी विरल्या, मोठमोठे रंगीत ढग आले. त्यांच्यावर चिमुकली माणसं, चर्च, आणि खाली लोंबणाऱ्या वेली. त्यात ‘ती माता आलेआ’ (ti mata alea, निउएच्या भाषेतलं नाव) हे झाड येतं. निउएच्या कथेत पहिला माणूस या झाडापासूनच जन्मला. म्हणजे ते पान पूर्वजाचं आहे, आणि इथे त्याला जमीनच उरलेली नाही. स्थलांतरावरची यापेक्षा खरी चित्रं मी पाहिलेली नाहीत.

पुले आवडले तर निउए वंशाच्या कलाकार कोरा-ऍलन यांचं कामही शोधा. साल बडवण्यापासून सगळं स्वतः करत त्यांनी हियापो पुन्हा सुरू केलाय, आणि त्यांच्या कापडांवर पानंफुलं भरपूर आहेत.