जिन्याखालचं मशीन

अमळनेरच्या एका आईचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते:

"ताई, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. सुट्टीत मोबाइल सुटावा म्हणून ठरवलं, घरीच मुलांना घेऊन काहीतरी करायचं, थोडं बेकिंग, थोडं शिवण. ऑनलाइन छोटं इलेक्ट्रिक मशीन मागवलं. कुकरमध्ये केळ्याचा केक केला, तो मधोमध बसला. जुन्या जीन्सची डब्याची पिशवी शिवायला घेतली तर दोरा गुंतून गुंतून मशीन थांबलं. सासूबाई खाटेवर बसून बोलतात, 'कशाले इतला पसारा करस? इकत लई ये ना.' म्हणजे विकतच आण. नाहीतर, 'आम्ही भट्टीवरून डबे भरी भरी नानखटाई आणूत.' पिशवी पाहून तर जावेसमोर म्हणाल्या, 'हाई पिशवी शे का चिंधी?' पूर्वी त्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या (त्यांचं पायमशीन हॉलमध्ये जागा अडवायचं, ते दिवाळीच्या आवराआवरीत जिन्याखाली ठेवलं), तरी मदतीला एकदाही उठल्या नाहीत. मुलंही दहा मिनिटांत मोबाइलकडे पळतात. मिस्टर म्हणतात, लक्ष देऊ नकोस. सासूबाईंचं बोलणं कसं थांबवू आणि मुलांना गोडी कशी लावू?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसात अडकले.

"ठेवलं" म्हणतेस. कोणी ठेवलं? सासूबाईंना विचारलं होतंस? विचारलं असतंस तर तसं लिहिलंही असतंस, कारण बाकी प्रत्येक ठिकाणी तू स्वतःची बाजू अगदी नीट मांडली आहेस. या एका गोष्टीला मात्र कंस पुरला. दिवाळीत त्यांचं मशीन जिन्याखाली गेलं आणि उन्हाळ्यात त्याच हॉलमध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर, नवीन मशीनचं खोकं उघडलं. वर तू विचारतेस, मदतीला का उठत नाहीत.

ब्लाऊज शिवणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक असायला हवं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याच्या मागेपुढेच लग्नसराई, मग श्रावणात कानबाईचा सण, मग दिवाळी. प्रत्येक सणाच्या आदल्या रात्री कोणीतरी दारात उभी असते, "वहिनी, तेवढं उद्या सकाळी द्याच." अस्तराचा ब्लाऊज, त्याची कटोरी, हातशिलाईचे हुक, आणि हे सगळं घरातल्यांची जेवणं आटोपून भांडी झाल्यावर. तुझ्या नवऱ्याच्या शाळेची फी त्या मशीनवरून किती वेळा निघाली, हे त्याला एकदा विचार. तोच माणूस आज "लक्ष देऊ नकोस" म्हणतो, याचा मला तुझ्याहूनही जास्त राग आला.

माझ्या मावशीचं असंच पायमशीन होतं, जळगावला. तिचा डावा हात जिथे टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकूड पांढुरकं झालं होतं. खणात खडू, हुकांची पुडी, निरनिराळ्या रंगांचे बॉबिन (खालच्या दोऱ्याच्या छोट्या चकऱ्या) आणि एक मापाची टेप. टेपचा पहिला इंच फाटून गेला होता, म्हणून ती सगळी मापं १ पासून धरायची आणि मनातल्या मनात १ वजा करायची. ३५ दिसलं की वहीत ३४. कधी चुकली नाही. घराचं काम काढलं तेव्हा मशीन विकून टाकलं गेलं, आणि त्यानंतर मावशी दुसऱ्यांच्या शिवणीतले दोष काढायला लागली. लग्नात बसली की हिचा गळा ओढतोय, तिची बाही चढलीय. आम्ही भाच्या आपसांत म्हणायचो, मावशी फार टोचून बोलायला लागली. तिला दुसरं मशीन आणून द्यावं, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. ती गेली, तरी ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून बोलणं थांबवायचा उपाय मी तुला देणार नाही. तू या रविवारी ते मशीन जिन्याखालून बाहेर काढ आणि हॉलमध्ये खिडकीशी ठेव. जागा नाही असं म्हणू नकोस, शोकेस हलव. नवीन मशीन खोक्यात भरून ठेव.

सात-आठ महिने पडून आहे म्हणजे धूळ बसली असणार, आणि चामड्याचा पट्टा सुकून सैल झाला असणार. पट्टा शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो मापाने कापून तारेच्या क्लिपने जोडायचा. तेलाच्या सगळ्या भोकांत दोन दोन थेंब सोडायचे, चाक आधी हाताने फिरवून बघायचं, मग एखाद्या सुती चिंधीवर दोरा न ओवताच चालवायचं, म्हणजे जास्तीचं तेल ती चिंधी पिऊन टाकते. सुई नवी घाल. सुती कापडाला १४ नंबर, जीन्सला १६ किंवा १८.

तुझा दोरा का गुंतला, तेही सांगते. खालच्या बाजूला गुंता दिसला की आपण बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा त्याला ताणून धरणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून मग दोरा ओवायचा, खाली असताना ओवला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरूनच निसटतो. शिवाय त्या छोट्या मशीनखाली तू जीन्सचे चार पदर घातलेस, त्याची तेवढी ताकदच नसते. माझी खात्री आहे, हे सासूबाईंना खाटेवर बसल्या जागी, नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

पिशवीसाठी पॅन्ट उसवत बसू नकोस. पॅन्टचा पाय म्हणजे आयती नळी, दोन्ही बाजूंच्या शिवणी कारखान्यातून मारूनच आलेल्या. डब्याच्या उंचीपेक्षा ४-५ इंच जास्त कापायचा, उलटा करून तळ शिवायचा, तळाचे दोन कोपरे तिरके मारायचे म्हणजे डबा सरळ बसतो. वरची कड दुमडून घ्यायची आणि कमरेच्या पट्ट्याचे बंद करायचे. दोन टिपा सासूबाईंच्या, एक तुझी. १५ जूनच्या आत दोघांच्या दोन होतील.

मुलांचं म्हणशील तर तुझी लेक दहा मिनिटांत पळते, कारण त्या दहा मिनिटांत तिला नुसतं "हात लावू नकोस" ऐकायला मिळतं. पायमशीनचं तसं नाही, ते पायाच्या जोरावर चालतं आणि पाय थांबला की थांबतं. शिवण क्लासला पहिले काही दिवस दोराच देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद सुईखाली घालायचा आणि रेघेवरून भोकं पाडत जायचं. जुनी सुई लाव, कागदाने सुईची धार जाते. चाक उलटं फिरू न देता पाय मारणं जमायलाच तिला चार दिवस लागतील, आणि ते चार दिवस ती मोबाइल मागणार नाही. तिच्या शेजारी स्टुलावर तू बसायचं नाहीस, आजी बसेल. धाकट्याला बॉबिन भरू दे आणि बटणांचा डबा दे. चार भोकांचं बटण जाड पण सैल विणीच्या कापडावर लावणं ६ वर्षांच्या मुलाला येतं. सुई बोथट टोकाची दे.

आता केक. मधोमध बसला म्हणजे एकतर तो फुगताना तू झाकण उघडून पाहिलंस, नाहीतर सोडा जास्त पडला. या दोनाशिवाय तिसरं कारण म्हणजे पीठ कालवून ठेवून दिलंस. दही-केळ्यात सोडा पडला की लगेच फसफसतो, तो कुकर तापायची वाट पाहत नाही. पण केक या सुट्टीत राहू दे. सासूबाईंनी तुला नानखटाईचं सांगितलं आणि तुला तो टोमणा वाटला. उन्हाळ्यात मैदा, तूप, साखर घेऊन भट्टीवर नंबर लावायचा, पत्र्यांवर आपापल्या खुणा करायच्या आणि गार झालेली नानखटाई पत्र्याच्या डब्यांत भरून घरी आणायची, ही त्यांच्या सुट्टीची गोष्ट आहे. पुढची ओळ तू विचारायची होतीस, "आई, तूप किती घालायचात?"

त्या सांगतील ते प्रमाण खरं. नाहीच आठवलं तर माझं घे: १ वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी थिजलेलं तूप, चिमूटभर सोडा, वेलची. तूप-साखर आधी तळहाताने पांढरी होईपर्यंत फेसायची. हे काम मुलांचं, कोपरापर्यंत हात माखू देत. आपल्या मे महिन्यात तूप थिजतच नाही, म्हणून ते आधी फ्रीजमध्ये ठेव, आणि गोळे वळल्यावरही ताटली २० मिनिटं फ्रीजमध्ये, नाहीतर नानखटाई पसरून तिचा पापड होतो. जाड कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड, झाकण लावून १० मिनिटं तापव, मग मंद आचेवर २०-२५ मिनिटं. काढताना मऊच लागेल, गार झाल्यावर खुसखुशीत होते. गरम असताना मोडून बघून आणखी भाजत बसू नकोस.

रविवारी सासूबाईंपुढे माफीचं भाषण करू नकोस. त्याने त्या अवघडतील आणि तूही. मशीन पुसायला घे, पट्टा हातात धर आणि विचार, "आई, हा किती घट्ट ठेवू?" कदाचित म्हणतील, "ऱ्हाऊ दे, आते काय कामनं ते?" तेव्हा ते परत जिन्याखाली न्यायचं नाही. तसंच खिडकीशी राहू दे, वर काही ठेवू नकोस, इस्त्रीचे कपडेसुद्धा नाही. डोळ्यांना कमी दिसत असेल तर सुई तू ओव.

आणि तेल मशीनचंच आण. घरात आहे म्हणून खोबरेल घालशील, ते आपल्याकडच्या थंडीत थिजतं आणि मशीन जाम होतं.