लिंका साठवल्यात, पण सापडत नाहीत

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: वाचलेलं पान जपून ठेवलं, पण हवं तेव्हा मिळालं नाही. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : वेळासला आमची पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आहे. कामाच्या लिंका मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवते. आता त्या ढिगात काहीच हाती लागत नाही. फोल्डर करू की टॅग लावू?

टॅग, म्हणजे पानाला लावायचे ओळखीचे शब्द, लावा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक 'प्रवास'च्या फोल्डरात टाकलंत, तर 'पावसाळा'च्या फोल्डरात ते नसणार. टॅग मात्र दोन्ही लावता येतात. त्यासाठी व्हॉट्सॲप सोडायचंही कारण नाही. लिंकेखाली त्याच मेसेजमध्ये दोन-तीन शब्द लिहायचे, 'पावसाळा, रेल्वे, पाहुण्यांना', आणि पुढे त्या शब्दाने शोधायचं. यातला शेवटचा शब्द पान कशाबद्दल आहे ते सांगत नाही, त्याचं तुम्ही काय करणार ते सांगतो. कासवांची पिल्लं बघायला लोक यायला लागले की फोनवर सगळ्यांचे प्रश्न तेच. तेव्हा 'पाहुण्यांना' एवढं शोधलंत की नकाशा, रस्ता, भरती-ओहोटीच्या वेळा एका ठिकाणी मिळतील. विषयाच्या टॅगपेक्षा असे कामाचे टॅग मला जास्त भरवशाचे वाटतात.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पानं साठवून टॅग लावतो, पण टॅगच दीडशेवर गेलेत. यादी सोबत पाठवतो आहे. नेमके किती असावेत?

आकडा महत्त्वाचा नाही. तुमच्या यादीत 'आंबा' आणि 'हापूस' हे टॅग जवळजवळ प्रत्येक पानाला आहेत. देवगडच्या बागायतदाराला 'हापूस'वर टिचकी मारून काय मिळणार? सगळा साठा पुन्हा जसाच्या तसा समोर. हे दोन्ही काढून टाका. दुसरीकडे 'तुडतुडा', 'तुडतुडे' आणि 'तुडतुडे-उपाय' असे तीन टॅग आहेत आणि तिन्हींत थोडी थोडी पानं विखुरली आहेत. एक ठेवा. एकवचन की अनेकवचन, ते एकदाच ठरवा आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

मग लावायचं काय? ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. विषय एका खणात न कोंबता त्याचे पैलू सुटे करायचे, ही त्यातली युक्ती. त्या पैलूंत स्थळ आणि काळही आहेत. बागेला काळ फार लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याच्या फवारणीचं वेळापत्रक तुमच्या नजरेला पडलं जूनमध्ये, पण ते लागणार पालवी-मोहोराच्या दिवसांत. त्याला 'मोहोर', 'फवारणी' आणि साल, एवढं पुरे. साल गाळू नका. औषधांच्या शिफारशी बदलतात आणि जुन्या पानावरची मात्रा पंपात गेली तर ते महागात पडेल. शोधताना पत्त्याच्या पट्टीत अधिकचं चिन्ह, मोकळी जागा आणि पुढे 'मोहोर २०२५' असं लिहा. फायरफॉक्स फक्त टॅग लावलेल्या पानांतून शोधतो.

एकदाच वापरलेले टॅग राहिले तरी बिघडत नाही. 'कल्टार' या मोहोरासाठीच्या औषधाच्या टॅगखाली एकच पान आहे, पण हवं तेव्हा ते नेमकं हाती येईल.

प्रश्न : मालवण तालुक्यातले आम्ही नऊ शिक्षक प्रकल्पांसाठी लिंकांचा सामायिक साठा करतोय. कुडोपी गावातल्या खडकावरच्या चित्रांच्या एकाच पानाला कुणी 'कातळशिल्प' लावतं, कुणी 'खोदचित्र', कुणी नुसतं 'इतिहास'. मोकळं सोडावं की यादी ठरवून द्यावी?

मोकळं सोडा म्हणणारे डिलिशस या लिंका साठवायच्या जुन्या संकेतस्थळाचा दाखला देतात. जोशुआ शाक्टर यांनी २००३ साली ते सुरू केलं. कुणीही पानाला मनात येईल तो शब्द लावायचा. अशा लोकांनीच केलेल्या वर्गीकरणाला पुढच्या वर्षी थॉमस व्हँडर वॉल यांनी फोकसॉनॉमी असं नाव दिलं. गोल्डर आणि ह्यूबरमन या संशोधकांना डिलिशसवर असं आढळलं, की एखादं पान शंभरेक जणांनी साठवलं की त्यावरच्या टॅगांचं प्रमाण जवळपास स्थिर होतं. शंभरेक! तुम्ही नऊ. शब्द आपोआप जुळायची वाट बघत बसलात तर वार्षिक परीक्षा येईल.

म्हणून इयत्ता, विषय आणि गाव हे तीन टॅग सक्तीचे करा, बाकी ज्याला जे सुचेल ते लावू दे. गावावर माझा भर आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यांत कुडोपीही आहे. त्यावर मराठी-इंग्रजीत नाना शब्दांनी लिहिलं जातं. 'कुडोपी' लावलं की कातळशिल्प का खोदचित्र हा वाद मिटला. यादी एकाच्याच हाती ठेवा. शक्यतो मराठीच्या शिक्षकांच्या नको, नाहीतर बैठक शुद्धलेखनावर जाईल.

प्रश्न : माझ्या यादीत 'ॲप' हा टॅग दोनदा येतो. दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. (रत्नागिरी)

दिसायला नाहीच, फरक आत आहे. एका कळफलकावर 'ॲ' हे एकच अक्षर उमटतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र जोडून. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, तोवर जोडूनच भागवत. 'ऱ'चंही तसंच होऊ शकतं. फोन आणि संगणकाचे कळफलक वेगळे असतील तर टॅग पुन्हा टाइप न करता यादीतून निवडा.

प्रश्न : वाचायची पानं साठवायचं पॉकेट ॲप बंद पडलं. आता दुसरीकडे मांडलेलं टिकेल कशावरून? (अलिबाग)

टिकेलच असं नाही. डिलिशस २००५ साली याहूने घेतलं, मग ते हात बदलत राहिलं आणि २०१७ साली पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या सेवेने विकत घेऊन तिथे नवी भर बंद केली. पॉकेटला फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी टाळं लावलं. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी साठा फाइलीत उतरवून घ्या. फायरफॉक्सच्या एचटीएमएल फाइलीत टॅगही येतात. क्रोमच्या बुकमार्कांना टॅगची सोय नाही, तिथे टॅगचे शब्द बुकमार्कच्या नावातच लिहा. आणि लिंक जपली म्हणून पान जगेलच असं नाही. मोलाची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवून त्या प्रतीचा पत्ताही ठेवा, सरकारी परिपत्रकांची तर आधी.