वाचकांचे प्रश्न : मदेइरा बेटावरची द्राक्षतोडणी आणि तिथला गाडीचा प्रवास

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार आहे. मुलगी लिस्बनला नोकरीस असून येत्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी, पत्नी आणि धाकटे बंधू तिच्याकडे जाणार आहोत. त्याच सुमारास पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर द्राक्षतोडणीचा उत्सव भरतो, असे तिने कळवले आहे. तिथे नेमके कुठे जावे, किती दिवस ठेवावेत आणि भाड्याची गाडी मी स्वतः चालवू शकेन का? घाटात गाडी चालवण्याची मला तीस वर्षांची सवय आहे.

उत्तर : आपण जरूर जावे, आणि आपल्यासारख्या बागायतदाराने तर अवश्य जावे. आपला हंगाम जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मदेइराची तोडणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर असते. म्हणजे आगाप छाटणी घेणारे सोडले, तर आपल्याकडच्या बहुतेक बागायतदारांना गोडी छाटणीआधी (फळ धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीआधी) मिळणारी उसंत आणि तिथली ऐन लगबग एकाच वेळी येतात. लिस्बनहून विमानाने पावणेदोन तासांत बेटावर पोहोचता येते. मात्र तिथला विमानतळ समुद्रकाठी, डोंगराला खेटून आहे, त्याच्या धावपट्टीचा मोठा भाग खांबांवर उभारलेला आहे, आणि वारा जोराचा असला की विमाने उतरू शकत नाहीत. त्यामुळे परतीचा प्रवास आणि लिस्बनहून भारतात येणारे विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. बेटावर पाच दिवस पुरेत.

उत्सव दोन जागी होतो. राजधानी फुंशालमध्ये मध्यवर्ती रस्त्यांवर वाइनच्या मांडण्या लागतात, लोकनृत्ये होतात, रोषणाई असते. ती एका संध्याकाळी पाहून होते. आपल्याला पाहायचे आहे ते फुंशालच्या पश्चिमेला, कामरा द लोबोस या कोळी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एस्त्रेइतो या गावात. आठवड्याअखेरीस तिथे पाहुण्यांना बागेत नेऊन प्रत्यक्ष तोडणी करू देतात, मग टोपल्या घेऊन गावातून मिरवणूक निघते आणि चौकात लाकडी हौदात अनवाणी पायांनी द्राक्षे तुडवली जातात. मिरवणुकीत काही माणसांच्या खांद्यावर शेळीच्या अखंड कातड्याची पखाल दिसेल. जिथे गाडीरस्ता नव्हता तिथून रस अशाच पखालींतून, ओळीने चालणाऱ्या हमालांच्या खांद्यावर बंदरापर्यंत जात असे. पखालीच्या पायांची टोके दोरीने बांधलेली असतात आणि माणूस चालू लागला की आतला द्रव डुचमळून तिचे पोट एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलते. हमालाची मान त्यामुळे सतत एका अंगाला वाकलेली राहते. आता ही केवळ आठवण म्हणून काढलेली मिरवणूक आहे, तरी त्या वजनाची कल्पना तेवढ्यावरूनही येते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावरच तिकिटे काढावीत.

बागेत गेल्यावर आपल्याला घरी आल्यासारखे वाटेल, कारण तिथेही वेली मांडवावर चढवतात. त्या पद्धतीला ते ‘लातादा’ म्हणतात. फरक एवढाच की त्यांचा मांडव बराच ठेंगणा असतो, काही ठिकाणी अगदी कंबरेएवढा. त्यामुळे तोडणाऱ्याला वाकून, कधी उकिडवे बसून घड कापावे लागतात, आणि त्याच जमिनीत बटाटे किंवा शेंगभाजी घेण्याची जुनी रीत आहे. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांची ही शेते असतात, बहुतेकांकडे एकरभरसुद्धा द्राक्ष नसते आणि ट्रॅक्टर जाईल अशी वाट क्वचितच असते. पाणी येते ते उत्तरेकडच्या पावसाळी डोंगरांतून काढलेल्या पाटांनी, ज्यांना ‘लेवादा’ म्हणतात. तिथेही शेतकऱ्याला पाण्याची पाळी ठरवून दिलेली असते. बागलाणातली किंवा धुळ्याकडची, बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शेतकऱ्यांशी बोलण्याची संधी मिळाली तर त्यांना खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर वेलीचे कलम करतात त्याबद्दल, विचारावे. १८५२ च्या सुमारास भुरी या बुरशीच्या रोगाने या बेटाच्या बागा बसवल्या. त्यातून लोक सावरत होते तोच १८७२ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली आणि उरल्यासुरल्या बागाही गेल्या. त्यानंतर वेली अमेरिकी खुंटावर कलम करून लावल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट रुजला तो पाण्याची टंचाई आणि जमिनीतले क्षार यांमुळे, तिथे तसाच उपाय करावा लागला तो एका किडीमुळे. याविषयी त्यांना जेवढे सांगायचे असेल, तेवढेच आपल्याकडूनही त्यांना ऐकायचे असेल असे मला वाटते. म्हणून मुलीला दुभाषी म्हणून सोबत घ्यावे.

आता गाडीविषयी. आपल्याला चालवता येईल. आपला मूळ परवाना आणि आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना असे दोन्ही सोबत हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पण तो मूळ परवान्याशिवाय उपयोगाचा नाही. निघण्याआधी किमान महिनाभर अर्ज करावा. गाडी ज्याच्या नावावर नोंदवाल त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड अनामतीसाठी लागते, आणि चालकाच्या वयाची वरची मर्यादा काही कंपन्या ठेवतात, ती आधी विचारून घ्यावी.

घाटाची सवय कामी येईल, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नये. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. सरळ रस्त्यावर हे अर्ध्या तासात अंगवळणी पडते. चूक होते ती सकाळी रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना किंवा चौकातल्या गोल चक्रात शिरताना. तिथे चक्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि आत आधीच असलेल्या गाडीला वाट द्यावी लागते. शेजारी बसलेल्या बंधूंवर पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला ‘उजवीकडे’ म्हणण्याचे काम सोपवावे.

दुसरी गोष्ट चढाची. दक्षिण किनाऱ्यावरचा जलद रस्ता पश्चिमेच्या रिबेइरा ब्रावापासून पूर्वेच्या कानिसालपर्यंत बोगद्या-पुलांवरून जातो आणि तो उत्तम आहे, त्यावर टोलही नाही. पण त्याला मिळणारे काही जोडरस्ते इतके आखूड आहेत की जवळपास थांबलेल्या स्थितीतून एकदम वेग घ्यावा लागतो. आणि तो रस्ता सोडून एस्त्रेइतोसारख्या गावाकडे वळलात की आपल्या कसारा घाटात कधी लागत नाहीत असे खडे चढ लागतात. आपला घाट वळणे घेत घेत चढतो, तिथल्या गावातल्या गल्ल्या मात्र थेट डोंगर चढतात. मी स्वतः गेले तेव्हा पैसे वाचवण्यासाठी सर्वांत लहान गाडी घेतली होती. चार माणसे आणि सामान घेऊन अशा एका गल्लीत समोरून आलेल्या ट्रकसाठी थांबावे लागले, आणि पुन्हा निघताना गाडी मागे सरकू लागली. पहिल्या गिअरमध्ये क्लच जळल्याचा वास गाडीभर पसरला आणि शेवटी तिघांना उतरवून मगच वर जाता आले. म्हणून आपण चौघे असाल तर थोडी ताकदवान गाडी घ्यावी. शक्य असल्यास ऑटोमॅटिक घ्यावी, पण त्या थोड्या असल्यामुळे दोन-तीन महिने आधी नोंदवाव्यात. चढावर हँडब्रेक ओढून, इंजिनने ओढ घेतल्यावरच तो सोडायचा, ही आपल्या घाटातली रीत तिथेही पाळावी.

मात्र ज्या दिवशी उत्सवाला जाल, त्या दिवशी गाडीला हात लावू नये, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. गावातले रस्ते मिरवणुकीसाठी बंद होतात, गाडी लावायला जागा नसते, आणि मदेइराची वाइन आपल्या ओळखीच्या वाइनसारखी नसते. तीत द्राक्षाचाच मद्यार्क मिसळलेला असल्यामुळे तिच्यातले मद्यार्काचे प्रमाण साधारण १७ ते २२ टक्के असते. पोर्तुगालमध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे, नवख्या चालकांसाठी ती ०.२ आहे. चाखायला म्हणून दिलेले दोन-तीन छोटे पेलेही त्या रस्त्यांवर जास्तच ठरतात. फुंशालहून बस जाते, टॅक्सीही परवडते. गाडी पुढच्या दिवसांसाठी ठेवावी आणि बोगद्यातून उत्तरेला साओ व्हिसेंत, सेइशाल या गावांकडे जावे. तिथे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून वेलींना वाचवण्यासाठी झुडपांच्या वाळक्या काटक्यांची कुंपणे घातलेली असतात. प्रत्येक वाफा जणू स्वतंत्र खोली असावा, इतकी ती दाट असतात. आपल्या नजरेतून ती सुटणार नाहीतच.

प्रश्न : आम्ही दोघेही मद्य घेत नाही आणि शाकाहारी आहोत. तरीही या उत्सवाला जाण्यात अर्थ आहे का? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : आहे. तोडणी आणि तुडवणी पाहायला पेला हातात धरावा लागत नाही, आणि नाही म्हटल्यास कोणी आग्रह करत नाही. जेवणाबाबत मात्र सावध राहावे. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे तमालपत्राच्या झाडाच्या काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले गोमांस, आणि त्याचा धूर उत्सवभर दरवळत असतो. आपल्यासाठी रताळे घालून तव्यावर भाजलेली, लसूण-लोणी लावलेली ‘बोलो दो काको’ ही पोळीवजा भाकरी आहे आणि मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोन आहेत. उसाच्या काकवीत केलेला, महिनोन्महिने टिकणारा गडद केक घरी आणण्यासारखा आहे, पण त्यात चरबी वापरली आहे का हे विचारून घ्यावे. आपण दोघेही पीत नसल्यामुळे गाडी चालवण्याची मोकळीक आपल्याला आहे, तरी रस्ते बंद असतात म्हणून ती कामरा द लोबोसला खाली लावून वर टॅक्सीने जाणे बरे.

प्रश्न : मदेइराची वाइन पूर्वी हिंदुस्थानात येऊन परत जात असे, असे मडगावच्या आमच्या आजोबांकडून ऐकले होते. ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. पूर्वेकडे जाणारी जहाजे मदेइराला थांबून पिंपे भरून घेत. न विकली गेलेली पिंपे विषुववृत्त ओलांडून परत आली, तेव्हा उष्णतेने आणि हेलकाव्यांनी ती वाइन बिघडण्याऐवजी अधिक चांगली झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. मग मुद्दाम तसा प्रवास घडवलेल्या वाइनला ‘व्हिन्यो दा रोदा’, म्हणजे फेरी करून आलेली वाइन, म्हणू लागले आणि तिला जास्त भाव मिळू लागला. पुढे तीच उष्णता जमिनीवर देण्याच्या पद्धती निघाल्या. साधी वाइन टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, उंची वाइनची पिंपे उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवतात. फुंशालच्या जुन्या वखारींत हे माळे पाहता येतात. दुपारी जावे, म्हणजे जिना चढताना हवा पायरीपायरीने कोंदट आणि गरम होत जाते आणि लाकडाचा गोडसर वास येऊ लागतो. आपले आजोबा ज्या प्रवासाविषयी सांगत होते, त्यातल्या जहाजाच्या तळघराची जागा आता या माळ्याने घेतली आहे.