सरबत नको, मार्गारिटाच हवी

प्रश्न : सुनेचं डोहाळजेवण आहे. तिला मार्गारिटा हे दारूचं कॉकटेल फार आवडतं. दारूशिवाय करून पाहिली, तर नुसतं लिंबू सरबत झालं. काय चुकलं?

उत्तर : ताई, दारूबरोबर घशाला लागणारा चटकाही जातो आणि मागे उरते साखर-लिंबू. तो चटका दुसरीकडून आणायला हवा. माझा भरवसा आमसुलावर आहे.

दोन ग्लासांसाठी आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात तासभर भिजवा, कुस्करून गाळा. त्या गडद लाल पाण्यात एक हिरवी मिरची उभी चिरून दहाच मिनिटं ठेवा आणि काढा. जास्त वेळ राहिली तर मिरचीशिवाय काही लागणार नाही. मग दोन चमचे साखरेचा पाक, अर्ध्या लिंबाचा रस. मूळ मार्गारिटात टकीला या मेक्सिकन दारूबरोबर संत्र्याचं लिकर, म्हणजे गोड दारूही असते, म्हणून ताज्या संत्र्याची साल वरून पिळा. तिच्या तेलाचा बारीक फवारा उडतो, तोच हवा.

आता घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून हे सगळं पंधरा सेकंद जोरात हलवा. हे टाळू नका. वर गुलाबी फेस येतो, बरणी हाताला झोंबेल इतकी गार होते. चमच्याने ढवळून ते जमत नाही.

ग्लासच्या अर्ध्याच काठाला लिंबू फिरवून काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड लावा. आमसुलात बहुधा मीठ असतं, म्हणून पेयात वेगळं घालण्याआधी चाखून पाहा. सुनेला तिखट सोसत नसेल, तर मिरचीऐवजी आलं ठेचून घाला.