'इतिवृत्त कायम करणे' म्हणजे नेमकं काय कायम होतं?

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या गावच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस त्यांनी वाचली, त्यात पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. त्या विचारतायत, कायम म्हणजे नेहमीसाठी ना, मग मागच्या सभेत पाणीपट्टी वाढवायचा ठराव झाला तो आता कायमचाच झाला का? आणि साधं 'मंजूर करणे' का नाही लिहीत?

आधी थेट उत्तर देतो. कायम होतं ते इतिवृत्त, ठराव नाही. मागच्या सभेत जे बोलणं झालं, जे ठरलं, ते प्रोसिडिंग बुकात जसंच्या तसं उतरलंय ना, एवढंच या सभेने बघायचं आणि हो म्हणायचं. पाणीपट्टीचा ठराव ज्या दिवशी मंजूर झाला त्याच दिवशी झाला, तो इतिवृत्त कायम व्हायची वाट बघत नव्हता, आणि इतिवृत्त कायम झालं म्हणून तो दगडावरची रेघही होत नाही. पुढे कधी तो रद्द करायचा असेल तर विषयपत्रिकेवर तसा वेगळा विषय घ्यावा लागतो. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेच, मग इतिवृत्त शंभरदा कायम झालेलं असो.

आता शब्दाकडे येऊ, कारण मला खरा रस तिथे आहे. कायम हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ 'उभा असलेला'. मुक्काम त्याच धातूतला, किंमतसुद्धा, आणि कयामत पण, मेलेले उठून उभे राहतील तो दिवस. कायदा मात्र या घरातला नाही बरं का, दिसायला जुळा भाऊ वाटतो पण त्याचा धातू 'बसणे' या अर्थाचा आहे, कायदा म्हणजे मुळात बैठक, पाया. तर कायम करणे म्हणजे एखादी गोष्ट पक्की उभी करणे, ती आहे तशी ठेवणे. उभं आहे ते टिकतं आणि टिकतं ते नेहमी असतं, अशा वाटेने 'तो कायम उशिरा येतो' मधला नेहमीचा अर्थ लागतो, आणि रोजच्या बोलण्यात तोच जास्त कानावर पडत असल्यामुळे नोटीस वाचताना ताईंच्या मनात तो आधी आला, त्यात त्यांची काहीच चूक नाही. पण पेपरात 'हायकोर्टाने शिक्षा कायम केली' असं वाचतो तेव्हा पाच वर्षांची शिक्षा जन्मभराची झाली असं आपण समजत नाही, पाचाची पाचच राहिली असं समजतो. इतिवृत्तातला कायम तोच.

मग मंजूर का नाही? मंजूर पण अरबीच, नजर ज्या धातूतून आला त्यातलाच, म्हणजे नजरेखालून गेलेला. मराठीत मात्र मंजूर व्हायला आधी कोणीतरी काहीतरी मागावं लागतं. रजा मंजूर, कर्ज मंजूर, नळ कनेक्शनचा अर्ज मंजूर. इतिवृत्त काही मागत नाही. इति म्हणजे असं, वृत्त म्हणजे घडलेलं, इतिहास मधला इति तोच. जे घडून गेलं ते मंजूर किंवा नामंजूर कसं करणार, ते असंच घडलं की नाही एवढंच सांगता येतं. आजकाल 'इतिवृत्तास मंजुरी देणे' असं पण लिहितात, मी त्याला चूक म्हणणार नाही, पण कायम मध्ये जी नेमकी छटा आहे ती त्यात हरवते आणि ते मला मनापासून खटकतं.

ही छटा मी डोळ्यांनी बघितलीये. आमच्याकडच्या एका छोट्या नगरपरिषदेची सभा होती, भाजी मार्केटच्या गाळ्यांचा विषय आदल्या सभेत झालेला. इतिवृत्त वाचायला घेतलं, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर'. एक वयस्कर नगरसेविका उठल्या, म्हणाल्या, आम्ही दोघींनी विरोध केला होता, सर्वानुमते कसं लिहिलं? थोडी गडबड झाली, मग वहीत 'बहुमताने मंजूर' केलं, दोघींचा विरोध नावानिशी नोंदवला आणि खाली लिहिलं 'इतिवृत्त दुरुस्तीसह कायम करणेत आले'. गाळ्यांचा निर्णय होता तोच राहिला, एका अक्षराने बदलला नाही. बदलली ती नोंद. मला कायम शब्द त्या दिवशी कळला, कोशात बघून कळला नव्हता.

(हे 'करणेत आले', 'देणेत यावे' कोणी हसण्यावारी नेऊ नका, करण्यात-देण्यात ची ही कचेरीतली जुनी रूपं आहेत, पालिकेच्या वह्यांमध्ये अजून जिवंत आहेत.)

अजून एक गोष्ट बघा, त्याच विषयपत्रिकेवर खाली कुठेतरी 'रोजंदारी सफाई कामगारांना सेवेत कायम करणेबाबत' असा विषय असू शकतो. शब्द तोच, क्रियापद तेच, पण इथे माणसाची नोकरी उभी राहते, आज आहे उद्या नाही हे संपतं. पहिल्या विषयातला कायम मिनिटभरात उरकतो आणि या कायमसाठी लोकांची उमेदीची वर्षं जातात. आणि हाच शब्द उलटा पण बसतो. 'कायम विनाअनुदानित' शाळा आठवतात? तिथे कायम म्हणजे अनुदान कधीच नाही, म्हणून शिक्षकांनी तो एक शब्द काढून टाकण्यासाठी आंदोलनं केली आणि २००९ मध्ये सरकारने तो वगळला. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर इतक्या घरांची चूल अवलंबून होती, म्हणून अशा प्रश्नांना मी बारीक म्हणत नाही.

तर ताई, पाणीपट्टीचं तुम्हाला बघायचं असेल तर पहिल्या विषयावर अडकू नका. पालिकेत जाऊन त्या ठरावाची नक्कल मागा, इतिवृत्त म्हटलं नाही तरी चालेल, 'प्रोसिडिंगमधला ठराव' म्हणा, खिडकीवरच्या माणसाला लगेच कळतं. दर किती, कधीपासून लागू, सर्वानुमते की बहुमताने, हे सगळं त्यात असतं. आणि नक्कल मिळाली की त्यात इतिवृत्ताला काय म्हटलंय, कायम, मंजूर की अजून तिसरंच काही, ते इथे नक्की कळवा, मी अशा नोंदी जमवतोय.